रया गेलेल्या गाडीचा रंग मशीनने उजळवताना : पहिल्यांदाच पॉलिशर हातात घेणाऱ्यांसाठी

मामांची गडद निळी गाडी जवळजवळ चार वर्षं झाडाखाली उभी होती. माझ्याकडे आली तेव्हा बॉनेटवर पक्ष्यांच्या विष्ठेने खाल्लेले डाग होते आणि टपावर चिकाचे ठिपके वाळून खड्यासारखे झाले होते. दारांवर कोरडं फडकं मारून मारून कोळ्याच्या जाळ्यासारखी बारीक वलयं उठली होती. उन्हात तो निळा रंग चक्क राखाडी दिसायचा. दोन ठिकाणी दाखवली, दोन्हीकडे एकच उत्तर मिळालं : अख्खी गाडी रंगवून घ्या. ती रंगवावी लागली नाही. तीन शनिवार-रविवार खपून गाडी पुन्हा निळी झाली. पण या कामात एका कडेवरचा रंग मी कायमचा घालवला. तो तुमच्या हातून जाऊ नये म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

मशीन फिरवली की गाडीवरचा रंग कमी होतो, हे आधी मनात पक्कं बसवा. पॉलिशने चरा भरत नाही. चऱ्याच्या भोवतीचा थर झिजून त्याच्या तळापर्यंत खाली येतो, म्हणून चरा दिसेनासा होतो. झिजलेलं परत येत नाही. पुढची प्रत्येक पायरी या एका गोष्टीवर उभी आहे.

१. रंगाचे थर ओळखा आणि मोजा

हल्लीच्या बहुतेक गाड्यांवर पत्र्यापासून वर येताना गंजरोधक थर, मग प्रायमर, मग बेस कोट म्हणजे खरा रंग, आणि सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. कारखान्यातल्या रंगाची एकूण जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) भरते. त्यात क्लिअर कोटचा वाटा साधारण ४० ते ५० मायक्रॉन. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास असतो, म्हणजे आपलं सगळं काम केसापेक्षा पातळ थरात चालतं. शिवाय खालच्या रंगाला उन्हापासून वाचवणारी अतिनील किरणं शोषणारी द्रव्यंही याच थरात असतात. तो फार पातळ केला तर गाडी आज चमकेल, पण पुढच्या काही उन्हाळ्यांत वरचा थर सोलायला लागेल.

म्हणून शक्य असेल तर रंगाची जाडी मोजणारं गेज मिळवा, उसनं मिळालं तरी चालेल. प्रत्येक पत्र्यावर पाच-सहा ठिकाणी टेकवा आणि आकडे वहीत लिहा. गेज एकूण जाडी सांगतं. त्यात क्लिअर कोट किती, हे साध्या गेजवर कळत नाही. प्लास्टिकच्या बंपरवरही ते चालत नाही. माझ्याकडच्या गाडीवर सगळीकडे ११० ते १२५ आकडा येत होता आणि डावं मागचं दार ३०० च्या आसपास दाखवत होतं. ते दार कधीतरी पुन्हा रंगवलेलं होतं. आकडा याहून खूपच वर, ५०० च्या पुढे गेला, तर खाली बहुधा लांबी भरलेली असते. जाड आकडा दिसला म्हणून निर्धास्त होऊ नका. तिथे क्लिअर कोट किती मारलाय, हे फक्त मारणाऱ्यालाच ठाऊक. उलट, कारखान्यातल्या रंगावर ८०-९० च्या खाली आकडे येत असतील तर त्या पत्र्यावर आधी कोणीतरी भरपूर घासलेलं आहे असं समजा आणि फक्त सौम्य पॉलिशवर थांबा.

गेज मिळालंच नाही तर? मग पूर्ण गाडीला सौम्य पॅड (मशीनला लावायची फोमची गादी) आणि सौम्य पॉलिश, बस्स. तेवढ्यानेही फरक चांगलाच दिसतो.

२. काय निघेल आणि काय निघणार नाही

गाडी धुऊन सावलीत उभी करा आणि एखादा प्रखर एलईडी दिवा तिरका धरून बघा. वलयं, मंदपणा, वरवरचे चरे, पाण्याचे फिके डाग, आधीच्या कोणीतरी चुकीच्या रबिंगने उठवलेल्या लाटांसारख्या छटा हे बहुतेक निघतं.

चऱ्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो चरा पॉलिशने पूर्ण जाणार नाही. त्याच्या कडा गोलावल्या की तो कमी डोळ्यांत भरतो, आणि तिथेच समाधान मानावं. विष्ठेचे डागही असेच. त्यांनी क्लिअर कोट खोलवर खाल्ला असेल तर डागाची सावली राहते. बॉनेटवरचे माझे दोन डाग आजही तिरक्या उजेडात दिसतात. ते घालवायचे म्हणजे त्याभोवतीचा धडधाकट थर घालवायचा, आणि ते मला मान्य नव्हतं.

पांढरट, खपली धरल्यासारखे, कडेला सोलत चाललेले पट्टे दिसले तर तो क्लिअर कोट मेलेला आहे. त्यावर मशीन लावूच नका. पॅड त्या कडेत अडकतं आणि आणखी थर उचकटतं. त्या पत्र्याला नवा रंगच लागतो.

जुन्या गाड्यांवर कधीकधी क्लिअर कोट नसतोच, एकाच थरात रंग असतो. कोपऱ्यातल्या जागी पांढऱ्या कपड्यावर थोडं पॉलिश घेऊन हाताने चोळा. कपड्यावर गाडीचा रंग उतरला तर एकथरी रंग समजा. लाल गाडी गुलाबी आणि खडूसारखी झालेली दिसते ती बहुधा याच जातीची. असा रंग फार छान उजळतो, पण मेलेला रंग पॅडमध्ये भरभर साचतो, म्हणून दर चौकोनानंतर पॅड साफ करावं लागतं.

३. साहित्य जमवा

सुरू करण्याआधी सगळं हाताशी हवं. ओल्या पॉलिशवर मशीन ठेवून कपडा शोधत फिरण्याची वेळ येऊ देऊ नका.

• ड्युअल अ‍ॅक्शन पॉलिशर, सोबत ५ इंची आणि जमल्यास ३ इंची बॅकिंग प्लेट (पॅड जिच्यावर चिकटतं ती चकती)
• फोमची पॅड : कटिंग, पॉलिशिंग आणि फिनिशिंग, प्रत्येकी निदान तीन-चार
• एक कंपाउंड (जास्त कापणारं, भरड पॉलिश), एक बारीक फिनिशिंग पॉलिश
• दोन बादल्या, तळाला जाळी, मायक्रोफायबरचा धुण्याचा हातमोजा, गाडीचा सौम्य शाम्पू
• लोखंडाचे कण विरघळवणारा स्प्रे, डांबर काढणारं द्रावण, क्ले बार (रुतलेले कण ओढून काढणारी मऊ वडी) आणि तो सरकवायला लागणारं ल्युब्रिकंट
• कमी चिकट मास्किंग टेप
• १५-२० स्वच्छ मायक्रोफायबर कपडे
• आयसोप्रोपिल अल्कोहोल किंवा तयार पॅनेल वाइप (पॉलिशचं तेल पुसून काढणारं द्रव)
• पॅड साफ करायचा ब्रश, एलईडी दिवा, मास्क, गॉगल, हातमोजे
• शेवटी लावायला वॅक्स, सीलंट किंवा कोटिंग

मशीनबद्दल थोडं जास्त बोलते, कारण नवखा माणूस इथेच घसरतो. रोटरी पॉलिशर एकाच अक्षाभोवती गरगर फिरतं. ते झपाट्याने कापतं, पण एका जागी क्षणभर रेंगाळलं तरी उष्णता साठते आणि रंग जळतो. ड्युअल अ‍ॅक्शन मशीनमध्ये पॅड फिरतं आणि त्याच वेळी छोट्या वर्तुळात हलतंही. दाब वाढला की त्याचं फिरणं आपोआप मंदावतं, आणि तीच नवख्याची ढाल असते. माझा रंग गेला तो उसन्या रोटरीनेच, फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) बॉडी लाइनवर, म्हणजे पत्र्यात उठवलेल्या धारदार रेघेवर. पॅडवर निळी छटा दिसली आणि पोटात गोळा आला. क्लिअर कोट असलेल्या गाडीवर पॅडला रंग लागला, तर तुम्ही क्लिअर कोट पार करून खाली पोचलेले असता. पहिल्या गाडीला रोटरी लावू नका.

पॅडच्या रंगावर जाऊ नका. एका कंपनीचं नारिंगी पॅड कापणारं असतं, दुसरीचं मधलं. पाकिटावर काय लिहिलंय ते वाचा.

४. धुलाई

एका बादलीत शाम्पूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. आधी नुसत्या पाण्याच्या फवाऱ्याने सुटी धूळ वाहून जाऊ द्या. मग टपापासून खाली येत सरळ रेषेत धुवा, आणि प्रत्येक पत्र्यानंतर हातमोजा साध्या पाण्यात खळबळून घ्या. चाकं सगळ्यात शेवटी, वेगळ्या कपड्याने. काचेखालच्या फटी, दाराच्या कडा, डिकीची खाच नीट साफ करा. तिथे दडलेला वाळूचा एक कण पॅडखाली आला तर तुम्हीच नवे चरे पाडाल.

५. रुतलेली घाण काढा

धुतल्यावर प्लास्टिकची पातळ पिशवी हातात घालून पत्र्यावरून बोटं फिरवा. सॅंडपेपरसारखी खरखर लागली तर कण रुतलेले आहेत. ब्रेकमधून उडालेले लोखंडाचे कण गरम अवस्थेत क्लिअर कोटमध्ये बसतात आणि गंजतात. लोखंडावरचा स्प्रे मारला की ते जांभळे होऊन ओघळायला लागतात. वास उग्र असतो. पत्रा थंड असताना, सावलीत मारा आणि वाळू न देता भरपूर पाण्याने धुऊन टाका. त्यानंतर डांबराचे ठिपके. ते डांबराच्या द्रावणाने मऊ होऊ द्या, नखाने खरवडू नका. चिकाच्या कडक ठिपक्यांवर अल्कोहोलने भिजवलेला कपडा एक-दोन मिनिटं ठेवला की ते सैल होतात.

पाण्याचे पांढरे डाग हे जड पाण्यातले क्षार. पांढरा व्हिनेगर आणि पाणी सारख्या प्रमाणात घेऊन कपडा भिजवा, काही मिनिटं डागावर ठेवा आणि धुऊन टाका. पॉलिश करण्याआधीच बरेच डाग असे निघून जातात, आणि जितकं रसायनाने निघेल तितका रंग वाचतो.

शेवटी क्ले. पृष्ठभाग ल्युब्रिकंटने ओला ठेवून, अजिबात दाब न देता क्ले पुढे-मागे सरकवा. मळला की घडी घालून स्वच्छ बाजू वर आणा. क्ले जमिनीवर पडला तर तो फेकून द्या. कितीही महाग असला, अर्धा शिल्लक असला, तरी फेका.

६. टेप लावा

रबराच्या पट्ट्या, काळं खडबडीत प्लास्टिक, कंपनीचं चिन्ह, दिव्यांच्या कडा यांना टेप. काळ्या प्लास्टिकमध्ये कंपाउंड शिरलं की पांढरे डाग पडतात आणि ते काढणं वैतागाचं काम असतं. त्याहून महत्त्वाचं म्हणजे पत्र्याच्या धारदार कडा आणि बॉडी लाइन. तिथे रंग मुळातच पातळ बसतो आणि पॅडचा सगळा दाब त्या बारीक रेषेवर येतो. पहिल्या गाडीला त्यांच्यावरही टेप लावा आणि शेवटी हाताने हलकेच पॉलिश करा.

७. चाचणीचा चौकोन

हा भाग वगळलात तर बाकी सगळा अंदाजपंचे कारभार होईल. बॉनेटवर किंवा डिकीवर दोन फूट बाय दोन फुटांचा चौकोन टेपने आखा. तुमच्याकडच्या सगळ्यात मऊ पॅडवर सगळ्यात सौम्य पॉलिश घ्या आणि पायरी ८ मधले आडवे-उभे फेरे एकदा पूर्ण करा. पुसा, दिवा लावून बघा. समाधान झालं तर पॅड-पॉलिशची तीच जोडी पूर्ण गाडीला. नाही झालं तर पॉलिश तेच ठेवून पॅड एक पायरी कडक करा. पुन्हा बघा. मग पॅड पॉलिशिंगचं आणि वर कंपाउंड. सगळ्यात शेवटी कटिंग पॅड आणि कंपाउंड.

सरळ कंपाउंडपासून सुरुवात करावी असा मोह फार होतो, कारण गाडी इतकी वाईट दिसत असते. आवरा तो. रंगांचा कडकपणा कंपनीगणिक आणि अनेकदा रंगागणिक वेगळा असतो. काही क्लिअर कोट इतके मऊ असतात की सौम्य पॉलिशनेच काम होतं आणि कंपाउंड उलट धुरकट छटा उठवतं. माझ्याकडे मधलं पॅड आणि कंपाउंड एवढ्यावर दारं आणि डिकी निघाली. कटिंग पॅड फक्त बॉनेट आणि टपाला लागलं. दोन्ही जागी चौकोन वेगळा केला नसता तर मी सगळ्या गाडीला कटिंग पॅड लावून बसले असते.

इथेच ठरवून टाका, किती टक्के सुधारणा पुरे. दुर्लक्षित गाडीवर ७५-८० टक्के चरे गेले तर ती दहा पावलांवरून नवीकोरी दिसते. उरलेल्या वीस टक्क्यांसाठी जितका थर जातो, तितका आधीच्या ऐंशीसाठीही गेलेला नसतो.

८. आता मशीन

गाडी सावलीत, पत्रा हाताला थंड. बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक रेघ ओढून ठेवा. काम करताना ती रेघ फिरताना दिसली पाहिजे. दिसली नाही, नुसती थरथर जाणवली, तर दाब जास्त आहे किंवा पॅड तिरकं झालंय.

नवीन पॅडवर पॉलिश बोटाने पातळ पसरवून त्याचं तोंड ओलसर करा. नंतर वाटाण्याएवढे चार थेंब पुरतात. मशीन बंद असतानाच पॅड पत्र्यावर टेकवा, चौकोनभर ठिपके उमटवा, मग मशीनवरच्या वेगाच्या आकड्यांपैकी १ किंवा २ वर पसरवा. हवेत सुरू केलंत तर पॉलिश भिंतीपासून केसांपर्यंत सगळीकडे उडेल.

वेग ४ ते ५ वर न्या. हात सावकाश, सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, इतका की पहिल्यांदा ते कंटाळवाणं वाटतं. आधी आडवे पट्टे, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढलेला. मग त्याच चौकोनावर उभे पट्टे. आडवं-उभं मिळून चार ते सहा फेरे. पॅड सपाट राहू द्या. दाब कंपाउंडला मध्यम, फिनिशिंगला मशीनच्या वजनाइतकाच. केबल खांद्यावरून मागे सोडा, नाहीतर ती पत्र्यावर घासत राहते. बंद करताना मशीन थांबेपर्यंत पॅड उचलू नका.

मधूनमधून पत्र्यावर तळहात ठेवा. कोमट चालतो, चटका बसला तर थांबा. प्लास्टिकच्या बंपरवर विशेष जपा. पत्रा उष्णता पसरवतो, प्लास्टिक ती धरून ठेवतं, आणि तिथला रंग फार लवकर बिघडतो.

प्रत्येक चौकोनानंतर पॅड ब्रशने साफ करा आणि एक-दोन पत्र्यांनंतर पॅडच बदला. ‘कंपाउंड कापत नाही’ अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा पॅड घाणीने आणि पॉलिशने चिंब झालेलं असतं. मला हे दुसऱ्या दिवशी दुपारी कळलं. तोवर एकाच पॅडने अर्धी गाडी घासून दंड भरून आले होते.

गोलसर भागांवर आणि आरशांच्या रंगवलेल्या कव्हरवर ३ इंची पॅड घ्या. लहान पॅड एका जागी जास्त कापतं, म्हणून फेरे कमी.

९. पुसा आणि खरं काय ते बघा

पॉलिशमधली तेलं चऱ्यांत भरून बसतात आणि तात्पुरती चमक दाखवतात. एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि चार-पाच भाग पाणी असं मिश्रण फवारून स्वच्छ कपड्याने पुसा, मग दिवा तिरका धरून बघा. हे न करता पुढे गेलात तर दोन धुलाईंनंतर सगळे चरे परत हजर. नुकत्याच रंगवलेल्या पत्र्यावर मात्र हे मिश्रण टाळा, ताजा रंग त्याने मऊ पडू शकतो.

पत्रा पूर्ण झाला की गेज पुन्हा टेकवा. दोन-चार मायक्रॉनचा फरक अपेक्षित आहे. त्याहून बराच जास्त दिसला तर पॅड-पॉलिशची जोडी सौम्य करा.

जमिनीवर पडलेला मायक्रोफायबर कपडा तसाच उचलून वापरू नका. बाजूला टाका, नंतर धुवा.

१०. फिनिशिंग

कंपाउंडने चरे जातात, पण गडद रंगावर एक धुरकट पडदा राहतो. मऊ पॅड आणि बारीक पॉलिश घेऊन, ३-४ च्या वेगावर, हलक्या हाताने तीन-चार फेरे. या पायरीत थर फारच थोडा जातो आणि खरी खोली इथेच येते. पांढऱ्या किंवा चंदेरी गाडीला ही पायरी कित्येकदा लागतही नाही. काळ्या-निळ्या गाडीला चुकवता येत नाही.

११. संरक्षण

उघडा क्लिअर कोट तसाच सोडू नका. फटींत साचलेली पॉलिशची भुकटी धुऊन काढा, गाडी पूर्ण वाळवा, पुन्हा पॅनेल वाइपने पुसा आणि मग थर चढवा. कार्नोबा वॅक्स ब्राझीलमधल्या एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासून मिळतं. लावायला सोपं, दिसायला उबदार, पण काही आठवडे ते दोन-तीन महिनेच टिकतं. कृत्रिम सीलंट त्याहून जास्त टिकतं. सिरॅमिक कोटिंग सगळ्यात टिकाऊ, पण चुकीचं पुसलं तर ते चट्ट्यांसकट कडक होतं आणि पुन्हा पॉलिश करूनच निघतं. पहिल्या गाडीला मी सीलंट लावलं आणि तोच सल्ला देईन. नव्याने रंगवलेल्या पत्र्यावर यातलं काहीही लावण्याआधी रंगवणाऱ्याला विचारा. ताज्या रंगातलं द्रावक बाहेर पडायला साधारण महिना, कधी त्याहून जास्त लागतो.

१२. त्यानंतर

कोरड्या फडक्याने धूळ झटकणं आजपासून बंद. ब्रश फिरवणाऱ्या स्वयंचलित धुलाईत गाडी नेऊ नका. विष्ठा पडली तर त्याच दिवशी, ओला कपडा ठेवून मऊ करून उचला. मायक्रोफायबर कपडे वेगळे धुवा आणि त्यांना फॅब्रिक सॉफ्टनर लावू नका, त्याने तंतू माखतात आणि पाणी शोषेनासे होतात.

आणि ती आकड्यांची वही गाडीच्या कागदपत्रांसोबत ठेवा. प्रत्येक पत्र्याची आधीची जाडी, नंतरची जाडी, कोणतं पॅड, कोणतं पॉलिश, तारीख. दोन-तीन वर्षांनी पुन्हा मशीन काढाल तेव्हा किती थर हाताशी आहे, हे त्या वहीतूनच कळेल. माझ्या वहीत फेंडरच्या त्या बॉडी लाइनपुढे लिहिलेलं आहे : इथे मशीन नाही.